बांधणीला गेलेला राजदूत

सख्ख्या भावाशी वैर धरायचं तर निदान वडिलांची जमीन तरी लागते. शेजाऱ्याशी धरायचं तर मध्ये एक भिंत लागते. साडूशी वैर धरायला काहीच लागत नाही. दोघांनी एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न करायचं, बाकीचं आपोआप होतं.

दफ्तरदारांचे साडू दंतवैद्य होते. गुन्हा एवढ्यावर थांबला असता तर दफ्तरदारांनी मोठ्या मनानं माफ केलं असतं. पण साडूंना पन्नाशीतही डोकंभर केस होते. त्यांच्या दवाखान्याचं दार माणूस समोर आला की आपण होऊन उघडत असे. त्यांनी कुंडीत खोचलेली काडीसुद्धा फुटायची. पंचेचाळिसाव्या वर्षी ते बासरी शिकायला लागले आणि सहा महिन्यांत, कोणाचं काही वाईट चिंतलं नसताना, चक्क वाजवायला लागले. दफ्तरदार त्या वेळी म्हणाले होते, "फुंकर मारायची सवयच आहे त्यांना, दातांत." बायको तेव्हा चार दिवस बोलली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

स्वतः दफ्तरदार परराष्ट्र खात्याच्या दफ्तरखान्यात होते. त्यांच्या हुद्द्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ओळखपत्रावर ते दोन बाजूंना छापावं लागलं होतं, म्हणून कचेरीत आणि पुढे घरीही सगळे त्यांना दफ्तरदारच म्हणत. जुन्या वकिलातींचे कागद जपायचे, कोणी मागितले तर काढून द्यायचे, परत आले की जागेवर ठेवायचे, एवढं त्यांचं काम. आणि या कामात त्यांना चौदा वर्षांपूर्वी एक मेलेला माणूस सापडला होता.

हा माणूस म्हणजे एकशे वीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका राजधानीत तह करायला गेलेला आपला राजदूत. हॉटेलात उतरला, पहिले तीन दिवस भेटीगाठी केल्या, मग खोलीबाहेर पडेना, आणि नवव्या दिवशी सकाळी मेलेला सापडला. तह राहिला तो राहिलाच. कोणी म्हणालं विष, कोणी म्हणालं गळा दाबला, कोणी म्हणालं बाई. शाळेच्या पुस्तकात एकच वाक्य होतं: "त्यांचे परदेशी अकस्मात निधन झाले." त्या 'अकस्मात'वर दफ्तरदारांचा जीव जडला. या मरणावर मी ग्रंथ लिहीन, असं त्यांनी ठरवलं. चौदा वर्षांत टिपणांची दोन हजार तीनशे कार्डं आणि ती ठेवायला बुटांची अकरा खोकी, एवढी तयारी झाली. ग्रंथाचं पहिलं वाक्यही लिहून झालं होतं: "त्या दिवशी त्या शहरात दाट धुकं होतं." पुढे त्या शहराच्या हवामानाच्या नोंदी मिळाल्या, त्यांत त्या दिवशी लख्ख ऊन निघालं. दफ्तरदार सत्याचे भोक्ते. त्यांनी वाक्य खोडलं. तेव्हापासून ग्रंथ कोरा होता, पण अचूक होता.

आणि एका रविवारी सकाळी बायकोनं त्यांच्या चहाशेजारी एक पुस्तक ठेवलं.

मुखपृष्ठावर हॉटेलची खोली होती, पलंगावरून लोंबणारा हात होता, खाली फुटलेला पेला. नाव: 'राजदूताचा शेवटचा प्याला'. त्याखाली: ऐतिहासिक रहस्यकादंबरी. त्याखाली साडूंचं नाव, राजदूतापेक्षा मोठ्या टायपात.

दफ्तरदारांनी पान उलटलं. अर्पणपत्रिका होती. 'माझे साडूभाऊ यांस, ज्यांनी बोलता बोलता विषय सुचवला.'

"बोलता बोलता!" दफ्तरदार म्हणाले.

"अहो, चांगलं लिहिलंय की. तुमचं नाव नाही घातलं, पण नातं घातलंय," बायको मटार सोलता सोलता म्हणाली.

"बोलता बोलता? माझ्या रूट कॅनालच्या तीन बैठका झाल्या तेव्हा सांगितलं होतं मी हे! तोंडात कापूस होता माझ्या! त्या स्थितीत माणूस बोलतो का?"

"तुम्ही बोललात."

"ते आपलं दुखू नये म्हणून. आणि त्याला कळलं कसं?"

"दिवसभर तेच ऐकतात ते. कापसातून आलेलं सगळं कळतं त्यांना. माझी बहीण सांगते ना."

"तू वाचलंस?"

"कालच संपवलं. भाजी करपली त्यापायी."

"काल जी करपली ती यापायी करपली?" दफ्तरदारांना वाटलं, म्हणजे काल मी साडूंचं जळकंसुद्धा खाल्लं. "आणि खुनी कोण निघालं?"

बायको पहिल्यांदाच थोडी चाचरली. "ते तुम्हीच वाचा. पण आवडणार नाही तुम्हाला."

"का?"

"तुम्हाला त्यांचं आजवर काय आवडलंय?"

सोमवारी दफ्तरदारांनी कादंबरी कचेरीत नेली आणि एका जाड फाईलच्या आवरणात घालून टेबलावर उघडली. वाचनालयात बसलेल्यांना वाटलं, दफ्तरदार आज काम करतायत. एकानं तर तब्येतीची चौकशी केली.

कादंबरी वाईट असती तर काही प्रश्नच नव्हता. दफ्तरदार दर पानाला वाईटाची वाट पाहत होते आणि दर पान त्यांना फसवत होतं. शंभराव्या पानावर तर ते जेवायचं विसरले, आणि आठवलं तेव्हा स्वतःचाच राग येऊन त्यांनी डबा तसाच परत न्यायचं ठरवलं. पंचवीस पानांनी भूक जिंकली.

सतराव्या प्रकरणात मात्र घास घशातच अडकला. त्या प्रकरणात एक हुशार संशोधक बाई दफ्तरखान्यात येते आणि राजदूताच्या मृत्यूची फाईल मागते. तिथे टकला, नाकावर चष्मा घसरणारा, दर वाक्याआधी खाकरणारा एक दफ्तरदार असतो. तो म्हणतो, फाईल बांधणीला गेलीय. बाई महिन्यानं येते. बांधणीला. सहा महिन्यांनी येते. बांधणीला. शेवटच्या प्रकरणात उलगडा होतो की हा टकला म्हणजे विष घालणाऱ्या खुन्याचा सख्खा पणतू, आणि घराण्याचं पाप झाकायला तो ती फाईल दाबून बसलाय.

दफ्तरदारांनी खाकरून घेतलं. मग लक्षात आलं आणि उरलेलं खाकरणं त्यांनी गिळलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती दफ्तरदारांनी कोणालाच सांगितली नव्हती. दफ्तरखान्याची रीत अशी: वाचकानं मागणीची चिठ्ठी भरायची, दफ्तरदारानं फाईल काढायची, आणि फाईलच्या जागी फडताळात एक लाकडी फळी उभी करायची. फळीवर लिहायचं, फाईल कोणाकडे आहे. फाईल फाटकी असेल तर ती तळमजल्यावर बाइंडरकडे जाते. मग फळीवर 'बांधणीस' असं लिहितात आणि चिठ्ठीवर तोच लाल शिक्का मारून ती परत करतात. त्या शिक्क्यापुढे मंत्र्याचंही काही चालत नाही. फाटका कागद मागणार कोण?

अकरा वर्षांपूर्वी दफ्तरदारांना सातव्या पेटीमागे पडलेली, सूचीत नोंद असूनही कोणाला न मिळालेली एकशे बारा नंबरची फाईल सापडली. आत परदेशी डॉक्टरचा दाखला होता, राजदूताच्या नोकराचा जबाब होता आणि खोलीत रोज काय काय नेलं याची हॉटेलची यादी होती. जगात कोणी न पाहिलेले कागद. दफ्तरदारांनी फळीवर 'बांधणीस' लिहिलं, फळी उभी केली आणि फाईल आपल्या टेबलाच्या खालच्या खणात, डब्याच्या फडक्याखाली ठेवली. ही चोरी नव्हती. सरकारी फाईल सरकारी इमारतीतल्या सरकारी खणातच होती. फक्त फडकं खासगी होतं.

आता त्यांनी जुन्या मागणीच्या चिठ्ठ्या काढल्या. एकशे बारासाठी गेल्या वर्षी तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. तिन्हींवर त्यांच्याच हातचा, न वाचता मारलेला लाल शिक्का, आणि तिन्हींवर पत्ता साडूंच्या दवाखान्याचा. साडूंनी आपल्या स्वागतिकेला पाठवलं होतं! म्हणजे हा माणूस वर्षभर सगळं ओळखून होता. त्या वर्षभरात तो दफ्तरदारांकडे चारदा जेवला होता, दोनदा भाजी पुन्हा मागून घेतली होती, आणि प्रत्येक वेळी समोरच्या टकलाकडे पाहून मनात सतरावं प्रकरण लिहीत होता.

कादंबरी धडाधड खपली. दोन महिन्यांत तिसरी आवृत्ती निघाली. दफ्तरखान्यात आजवर दिवसाला चार माणसं येत, त्यांतले दोघं पंख्यासाठी. आता दारापर्यंत रांग लागायला लागली. सगळ्यांना एकशे बारा हवी. दफ्तरदार शिक्का उचलत, तशी रांगेतून कुजबुज येई: "हाच तो. पणतू."

एक आजीबाई तर चष्म्यातून निरखून म्हणाल्या, "पण टक्कल कादंबरीत जास्त आहे हो."

"लेखकानं वाढवलं असेल," दफ्तरदार म्हणाले.

"आणि पणजोबांनी प्याल्यात नेमकं काय घातलं होतं?"

"आजी, माझे पणजोबा गावात शिंपीकाम करत होते."

"मग सुई टोचली असणार," आजीबाई म्हणाल्या आणि समाधानानं गेल्या.

शेवटी खात्याच्या संचालकबाईंनी दफ्तरदारांना बोलावलं. बाई कमी बोलत, म्हणून सगळे त्यांना जास्त घाबरत. त्यांनी बाइंडरकाकांनाही बोलावून ठेवलं होतं.

"काका, एकशे बारा नंबरची फाईल तुमच्याकडे अकरा वर्षं आहे?"

बाइंडरकाकांनी दफ्तरदारांकडे पाहिलं. "बाई, अकरा वर्षांत यांनी माझ्याकडे एकच गोष्ट बांधायला दिली. चपलेचा अंगठा. तोही दुसऱ्या दिवशी परत दिलाय मी."

बाईंनी टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "गुरुवारी दुपारी तीन वाजता ती फाईल या टेबलावर येईल. वर्तमानपत्राची बातमीदार येणार आहे. कादंबरीकारही येणार आहेत. तुमचे कोणी लागतात म्हणे?"

"साडू."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांना सगळं प्रकरण समजलं, असं दफ्तरदारांना वाटलं. बाईंनाही कोणी जाऊबाई असावी.

दुसरा कोणी असता तर हादरला असता. दफ्तरदार घरी आले ते शीळ घालत. बायको म्हणाली, "नोकरी जाणार म्हणून आनंद झालाय का?"

"गुरुवारी त्या प्याल्याचे तुकडे होणार आहेत! माझ्याकडे कागद आहेत. विष नव्हतंच. गळा दाबला! डॉक्टरचा दाखला आहे. तीन आवृत्त्या रद्दीत जातील."

"अहो, पण फाईल तुम्ही लपवलीत हेही निघेल."

"निघू दे."

"म्हणजे आपलं नाक कापायचं आणि त्यांना अपशकुन करायचा."

"नाक माझं आहे," दफ्तरदार म्हणाले.

"आणि त्यावरचा चष्मा मी विकत आणलाय," बायको म्हणाली. पण तिनं गुरुवारसाठी सदरा इस्त्री करून ठेवला.

गुरुवारी तीनला संचालकबाईंच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. बातमीदार बाई वही उघडून बसली होती. साडू आले ते हसतच. "साडूभाऊ! सध्या माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त गाजताय. लोक दाढ भरायला येतात आणि विचारतात, तो टकला खरंच आहे का?"

"मग काय सांगता?"

"म्हणतो, आहे, पण मनानं चांगला आहे."

दफ्तरदारांनी दातओठ खाल्ले आणि फाईल टेबलावर ठेवली. तिला डब्यातल्या लोणच्याचा हलका वास येत होता. बाईंनी नाक मुरडलं.

मग दफ्तरदार उभे राहिले. अकरा वर्षं आरशापुढे केलेलं भाषण होतं ते. त्यांनी डॉक्टरचा दाखला वाचला: "हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज. मान काळीनिळी. जीभ वर ढकललेली. मृत्यू श्वास कोंडून." त्यांनी वर पाहिलं. "विषानं मान काळीनिळी होते का? ही बोटं आहेत, बाई. खुन्याची बोटं."

बातमीदार भराभर लिहीत होती.

"आता हॉटेलची यादी. शेवटचे पाच दिवस खोलीत काय गेलं? भाकरतुकडा नाही. पातळ सूप, कोमट दूध, बर्फ, लवंगेचं तेल, चार जादा उशा. उशा कशाला? किंकाळी दाबायला! लवंगेचं तेल कशाला? खोलीतला वास लपवायला! आणि बर्फ? मृत्यूची वेळ कळू नये म्हणून!"

"मरणाच्या पाच दिवस आधीपासून?" बाईंनी विचारलं.

"खुनी पूर्वतयारीचा माणूस होता," दफ्तरदार म्हणाले. "आणि आता सगळ्यात मोठा पुरावा. नोकराचा जबाब. 'साहेब शेवटचे दिवस खिडकीत बसत आणि सारखा डावा हात डाव्या गालाला लावत.' ही खूण होती! समोरच्या इमारतीतल्या कोणालातरी ते इशारा करत होते की मी संकटात आहे. पाच दिवस एक माणूस खुणा करत होता, आणि ओळखणारा कोणी नव्हता."

त्यांनी जबाब मिटून टेबलावर ठेवला. साडू पुढे वाकले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि दफ्तरदारांना इतकं बरं वाटलं की तसं लग्नातही वाटलं नव्हतं.

"ताप होता का त्यांना?" साडूंनी विचारलं.

"होता. भीतीनं येतो."

"आणि आडवं झोपता येत नव्हतं?"

"नोकर म्हणतो, उशांना टेकून बसूनच असत. मारेकरी येईल म्हणून जागत होते."

"जरा तो दाखला बघू."

साडूंनी कागद घेतला. वाचला. एकदा डोळे मिटले. मग कागद परत ठेवून म्हणाले, "तुमचंच बरोबर, साडूभाऊ. गळाच दाबलाय. माझं विष म्हणजे नुसती फेकाफेक." आणि बातमीदाराकडे वळून म्हणाले, "हे लिहा. शोध यांचा. मी आपला दात उपटणारा माणूस."

बाईंनी चहा मागवला. बातमीदारानं दफ्तरदारांचं पूर्ण नाव, वय, फोटो, सगळं मागितलं. चौदा वर्षांत दफ्तरदारांनी जे जे मागितलं होतं ते सगळं समोर येऊन बसलं होतं. साधारण चार मिनिटं ते जगातले सर्वांत सुखी दफ्तरदार होते.

पाचव्या मिनिटाला त्यांना साडूंचा चेहरा दिसला, आणि तो त्यांनी ओळखला. घरच्या कार्यात सासूबाई मोठ्यानं हसल्या की साडू असा चेहरा करत. आत एक नजर टाकायची, काय किडलंय, काय हलतंय ते मोजायचं, आणि लोकांत म्हातारीला कशाला दुखवा म्हणून गप्प बसायचं.

"एक मिनिट येता का बाहेर?" दफ्तरदार म्हणाले.

बाहेर गॅलरीत पाण्याच्या माठाशी त्यांनी साडूंना गाठलं. "काय पाहिलंत त्या दाखल्यात?"

"काही नाही हो. खून. तुम्ही म्हणता तसाच."

"माझ्या बायकोची शपथ घ्या."

"तुमच्या बायकोची मी कशी घेऊ?"

"मग तुमच्या. बहिणीच आहेत, काही फरक पडत नाही. काय पाहिलंत?"

साडूंनी पेल्यात पाणी घेतलं, प्यायले नाहीत. "अक्कलदाढ," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"खालची, डावी. पू झाला होता. माणूस गाल धरून बसतो, चावता येत नाही, म्हणून सूप न् दूध. दुखतं म्हणून लवंगेचं तेल, सुजतं म्हणून बर्फ. मग पू जबड्याखालून मानेत उतरतो. मान लाकडासारखी होते, जीभ वर येते, आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून उशा. त्या काळी औषध नव्हतं. पाच-सहा दिवसांत माणूस जायचा. पुस्तकात असतं तसं लक्षणन् लक्षण आहे."

दफ्तरदारांनी माठाला हात टेकला. "आणि ती खूण?"

"गाल ठणकत होता, साडूभाऊ."

खालून बाइंडरकाकांच्या हातोडीचा आवाज येत होता. अकरा वर्षं. ही फाईल अकरा वर्षं फडक्याखाली ठेवली, आणि ज्याच्यापासून लपवली तोच एक माणूस घराण्यात होता ज्याला ती वाचता आली असती.

"मग आत का नाही बोललात?"

"अहो, माझे आठ महिने गेलेत. तुमची चौदा वर्षं." साडूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या छापून येईल, फोटो येईल, ताई खूश होतील. कोण कशाला दाढ शोधतंय? मी कुठे बोलणार नाही. हिलासुद्धा सांगणार नाही. तुमचा खून तुमच्यापाशी."

हात उबदार होता. त्यात खोट काढायला दफ्तरदारांनी फार प्रयत्न केला. दंतवैद्यानं थोडी जरी फुशारकी मारली असती, डोळ्यांत थोडी जरी चमक असती, तरी हे दान पचलं असतं. पण माणूस मनापासून देत होता. म्हणजे केस, दार, कुंड्या, बासरी, कादंबरी, आणि वर हेही. मोठं मनसुद्धा यालाच. आता मरेपर्यंत दर बारशाला, दर लग्नाला, हा समोरच्या पंगतीतून असंच मायेनं बघणार. सगळे म्हणणार, बघा, यांनी राजदूताचा खून शोधला. आणि हा मान डोलावणार. माझी अब्रू हा खिशात दातकोरणीसारखी घेऊन हिंडणार, आणि कधी काढणार नाही!

"नको," दफ्तरदार म्हणाले.

"काय नको?"

"तुमचं काही नको."

ते तरातरा आत गेले. बातमीदार वही पिशवीत घालत होती. "थांबा," दफ्तरदार म्हणाले. "खून झालेला नाही. राजदूत अक्कलदाढेनं गेले." आणि उभ्या उभ्या त्यांनी सूप, दूध, तेल, बर्फ, उशा आणि गाल, सगळं एकेक करून परत घेतलं. चौदा वर्षांची इमारत पाडायला दीड मिनिट लागलं. बातमीदार तोंड उघडं ठेवून ऐकत होती, आणि दारात उभे राहिलेले साडू सवयीनं त्या तोंडात बघत होते.

"अहो साडूभाऊ, कशाला..." ते पुटपुटले.

संचालकबाईंनी दाखला स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. मग विचारलं, "हे निदान कोणाचं?"

दफ्तरदारांनी दाराकडे पाहिलं. साडूंनी डोळ्यांनीच खूण केली: म्हणा ना, माझं. आणि पटकन तेच म्हणाले, "यांचंच, बाई. बाहेर मला समजावून सांगत होते."

पुन्हा! एका दुपारी दोनदा! या माणसाला देण्याची काही सीमा?

"खोटं आहे!" दफ्तरदार इतक्या जोरात ओरडले की खालची हातोडी थांबली. "निदान यांचं आहे. सगळं यांचं आहे. लिहा, नाव लिहा, दवाखान्याचा पत्ता लिहा. मला त्यातलं काडीचंही कळलं नव्हतं. मी अकरा वर्षं ही फाईल खणात दडपून ठेवली आणि उशा मोजत बसलो. आणि पणजोबा शिंपी होते, तेही लिहा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी साडूंना काही दिलं होतं, आणि तेही फेकून मारल्यासारखं.

"का दडपून ठेवली?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून."

बाईंनी मान हलवली. "उद्या साडेदहाला तुम्ही माझ्यासमोर. लेखी उत्तर घेऊन. आणि ती फळी आत्ता काढा."

"काढतो."

बातमीदारानं मात्र वही पुन्हा बाहेर काढली होती आणि ती साडूंकडे वळली होती. "म्हणजे तुम्हीच आज सिद्ध केलंत की कुठला प्यालाच नव्हता? मग कादंबरी अख्खी चुकीची? चौथी आवृत्ती येतेय ना सोमवारी?"

साडूंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी केसांतून हात फिरवला, दफ्तरदारांकडे मदतीसाठी पाहिलं, परत तोंड उघडलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं उघडणारा माणूस स्वतःचं उघडून नुसता उभा होता.

दफ्तरदार खुर्चीत बसले. मन भरून त्यांनी त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. दात, अर्थात, सगळे जागच्या जागी आणि पांढरेशुभ्र होते. त्यांनी चहाची बशी पुढे ओढली आणि साडूंच्या वाटचं बिस्कीट आपल्या चहात बुडवलं.